तांबडी मोटार थांबती केली, त्या मोहिमेची हकीकत

हुजुरांनी पुसिले की, तांबडी मोटार भंगारात जाता जाता कैसी वाचली, ते साद्यंत लेहून काढणे. त्यावरोन सेवकाने पाहिले ते पाहिलेले आणि न पाहिले ते ऐकीव घेऊन ही हकीकत कलमबंद केली असे. उणे असल्यास माफी असावी. अधिक असल्यास ते पुढे येणाऱ्या मेहुण्यांच्या तोंडचे समजावे.

तरी श्रीमंत दंतवैद्यसरकार म्हणोन एक थोर पुरुष. दिवसभर लोकांच्या दाढा उपटाव्या आणि सांजवेळी तांबडीवर स्वार व्हावे, हा शिरस्ता. तांबडी म्हणजे सरकारांची मोटार. वीसेक पावसाळे पाहिलेली, बोनेटावरला रंग उडालेला, परंतु चढ दिसला की अंगात आल्यासारखी धावे. वळणावर गियर उतरवोन इंजिन गर्जले की सरकारांचे देहभान हरपे. ते एके दिवशी बाईसाहेबांस, म्हणजे सरकारांच्या धर्मपत्नी आणि चौकातील बेकरीच्या सर्वाधिकारी यांस, शेजारी बसवोन डोंगर चढोन गेले, आणि मग उतरतेसमयी प्रत्येक वळणावर ब्रेक दाबिता दाबिता चाकांस धरणारे पॅड करपले, जळका वास सुटला, पेडल मऊ पडोन तळास गेले, आणि तांबडी काही केल्या थांबेना. सरकारांनी खालचा गियर टाकोन, हँडब्रेक ओढोन, देवाचे नाव घेऊन तीस रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली. जीव वाचले. बाईसाहेब जागीच पायउतार जाहल्या, केसांतील वाळू झाडिली आणि बसने घरी आल्या.

घरी येताच हुकूम सुटला की, रविवारपावेतो मोटारीस थांबावयाचे वळण लावावे; न लागल्यास सोमवारी भंगारवाल्यास पाचारण करोन तांबडी त्याचे हवाली करावी; रदबदली चालणार नाही. सरकारांच्या तोंडचे पाणी पळाले. तांबडीवर त्यांचा भारी जीव.

मग दिवाणखान्यात खलबत बसले. मसलतीस बाईसाहेबांचे धाकटे बंधू मेहुणेसरदार आले. यांनी मोटारींच्या शर्यती अगणित पाहिल्या, मात्र सर्व सोफ्यावरोन. त्यांनी अर्ज गुजारिला की, शर्यतीच्या मोटारींचे पॅड घालावे. चाकातील डिस्क तापोन लालबुंद जाहली तरी ते हटत नाहीत. सरकारांची छाती फुगली. तैसेच उठोन सुट्या भागांच्या दुकानी कूच केले, आणि दुकानदाराने पुसिले की मोटार कोठे चालविता, तो सरकारांनी बेधडक फर्माविले की, शर्यतीत. दुकानदाराने एकवार तांबडीकडे, एकवार सरकारांच्या पोटाकडे पाहिले आणि मुकाट्याने वरल्या फळीवरील खोका काढोन दिला.

पॅड चढले. दुसरे दिवशी सकाळी बाईसाहेब कणकेचे हात तैसेच घेऊन परीक्षेस अंगणात उभ्या ठाकल्या. सरकारांनी तांबडी गल्लीतून आणिली, बंद फाटकासमोर ब्रेक दाबिला, आणि तांबडीने क्षणभर विचार करोन फाटक पाडिले. कारण, हे पॅड तापल्यावाचून पकड घेत नाहीत, ही गोष्ट मेहुणेसरदारांस फाटक पडल्यावर आठवली. "भाऊजी, आधी गरम करायचे होते ना!" ऐसे ते म्हणाले, आणि बहीण समोर आहे हे ध्यानी येताच अंतर्धान पावले.

सरकार हट्टास पेटले. निघण्यापूर्वी ब्रेक तापावे म्हणोन गल्लीत फेऱ्या घालो लागले. दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. आणि पॅड ऐसे किंचाळले की, गल्लीतीलच सरकारांच्या दवाखान्यात खोळंबलेल्या रोग्यांस तो आतल्या दाढा कोरावयाच्या यंत्राचा आवाज वाटोन, ते दुखरे गाल धरोन मागल्या दाराने पसार जाहले.

तेव्हा बाईसाहेब फेऱ्यांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "अहो, भट्टी तापल्याशिवाय ब्रेड भाजत नाही, हे मला शिकवू नका. पण समोर मांजर आडवं आलं तर त्याला काय सांगणार? थांब जरा, ब्रेक तापतायत म्हणून?"

सरकारांनी तांबडी आणोन अंगणात लाविली. ते रात्री विचारात पडले की, रोज दोनदा दात घासतो म्हणोन छातीठोक सांगणाऱ्या, आणि तोंड उघडताच उघडे पडणाऱ्या रोग्यांस आपण आजवर किती हसलो. आणि दुकानात आपण तरी दुसरे काय केले? बहुत शरमिंदे जाहले. उजाडताच दुकानी गेले, आणि मान खाली घालोन कबुली दिधली की, शर्यत वगैरे झूट. रोज बेकरीपर्यंत रपेट आणि महिन्यातून एकवार डोंगर, तो मात्र अंमळ जोरात, आणि मागल्या खेपेस उतारावर पेडल मऊ पडोन तळास गेले. फाटक पाडितानाही इतके जड गेले नव्हते. दुकानदार हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याने मधल्या फळीवरील पॅड दिधले, जे थंडही धरतात आणि डोंगर उतरेतो तापही सोसतात, आणि बजाविले की शिळे ब्रेक ऑइल बदलावे, ते उकळोनच पेडल मऊ पडले होते. आणि नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, हळू करोन, पुन्हा वेग घेऊन रुळवावे, मग निवो द्यावे. सरकारांनी सर्व अक्षरशः पाळिले. मेहुणेसरदारांस कळविले नाही.

रविवारी बाईसाहेब ओठ मिटोन तांबडीत बसल्या. डोंगर चढला, आणि मग उतार लागला. पहिले वळण, पेडल घट्ट. दुसरे, घट्ट. शेवटल्या वळणावर रस्त्यात शेळ्या आल्या. सरकारांनी पाय दाबिला आणि तांबडी शेळ्यांपासोन चांगली दूर, न किंचाळता, जागच्या जागी उभी राहिली. सरकारांचे डोळे भरोन आले. बाईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले, तांबडीकडे पाहिले, आणि दार उघडोन पलीकडे येऊन म्हणाल्या, "उतरा. आता मी चालवते."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, भंगारवाल्याचे बोलावणे रद्द जाहले, तांबडी दौलतीत कायम राहिली. बाईसाहेबांनी तीस पुनश्च डोंगरावर घातली आणि सरकारांहून दुप्पट जोराने खाली आणिली. सरकार शेजारच्या आसनी बसोन पायाखालची रबरी चटई जिवाच्या आकांताने दाबीत होते. तेथे ब्रेक नाही हे त्यांस पक्के ठाऊक होते. तरी घर येईतो दाबीत राहिले. हे सत्य म्हणोन लिहिले असे.