उजेडरावांचा अंधार

उजेडरावांचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि खुद्द त्यांनाही ते सही करतानाच आठवायचं. चौकात त्यांचं दिव्यांचं दुकान होतं. छताला झुंबरं, भिंतींवर पट्ट्या, काउंटरवर टेबललॅम्पची फौज, आणि हे सगळं सकाळपासून चालू. विझलेला दिवा आणि रुसलेला माणूस, दोघांनाही गिऱ्हाईक नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी ते घरी आले की ती विचारायची, "आज काय उजेड पाडलात?" ही धंद्याची आपुलकीनं केलेली चौकशी आहे, अशा समजुतीत उजेडरावांनी संसाराची बरीच वर्षं आनंदात काढली होती.

तर या उजेडरावांची झोप उडाली. काही कारण नव्हतं. तब्येत ठणठणीत, दुकान बरं चाललेलं, एकुलती एक मुलगी शिकून दवाखान्यात व्यायामोपचार करणारी झालेली. तिनं आपलं लग्नही आपणच ठरवत आणलं होतं. पण अंथरुणाला पाठ टेकली की यांचे डोळे टक्क उघडे. एकट्यानं जागं राहण्याचा त्यांना कंटाळा यायचा, म्हणून ते बायकोला हलवून हळूच विचारायचे, "झोपलीस का?" "झोपले होते," असं उत्तर यायचं. हा संवाद इतक्यांदा झाला की शेवटी बायकोनंच त्यांना दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं, की माणसाच्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि त्याला वेळ कळते ती डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावरून. सकाळचं ऊन मिळालं की ते नीट लागतं, संध्याकाळी फार लख्ख उजेड असला की मागे पडतं. तुम्ही दिवसभर झुंबरांखाली बसता, वर घरीही दिवाणखाना दुकानासारखाच उजळून ठेवता, तेव्हा सकाळी जरा उन्हात फिरा आणि संध्याकाळी दिवे थोडे मंद करा. बस, एवढंच. उजेडरावांनी निघता निघता विचारलं, की ते विजेच्या तारांतून, मोबाइलमधून लहरी निघतात, त्यांनी पण झोप जाते का? डॉक्टर म्हणाले, त्याबद्दल अजून काही नक्की ठरलेलं नाही.

इथंच घात झाला. जगात एखादी गोष्ट ठरायची राहिली असेल तर ती आपण ठरवून टाकावी, असा उजेडरावांचा स्वभाव होता. (घराचा रंग, मुलीची शाखा आणि शेजाऱ्यांच्या मांजरीचं नाव त्यांनी असंच ठरवलं होतं. यातलं एकही टिकलं नाही, तो भाग वेगळा.)

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त झोपायच्या खोलीतली ट्यूब बंद ठेवली. कोणाची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यातले दिवे गेले. मग त्यांच्या मनात आलं, की दिवे घालवले तरी भिंतीतल्या तारांत वीज असतेच, दबा धरून बसलेली. तेव्हा दिवस मावळला की घराचा मेन स्विचच खाली ओढायचा. जेवण उन्हं असतानाच उरकायचं. सगळे मोबाइल, त्यांच्या लहरी बाहेर पडू नयेत म्हणून, पिठाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात घालून वर घट्ट झाकण लावायचं. घरातले सुटे दिवे, टॉर्च, मेणबत्त्या त्यांनी मोह नको म्हणून दुकानात नेऊन ठेवल्या. बायको दिवेलागणीच्या वेळी खिडकीत बसून, जात्या उजेडात मुलांच्या वह्या तपासू लागली. ती गप्प होती त्याला कारण होतं. अंधार झाल्यापासून नवरा दमून एका जागी पडून राहत होता, आणि "झोपलीस का" बंद झालं होतं. तेवढ्या शांततेसाठी ती गुहेत राहायलाही तयार होती.

झोप मात्र त्यांना अजूनही येत नव्हती. पण नव्या धर्मात गेलेल्या माणसाला एवढ्यातेवढ्यानं शंका येत नाही. उलट ते दुकानातही उपदेश करू लागले. एक बाई मुलाच्या अभ्यासाच्या खोलीसाठी लख्ख दिवा मागायला आल्या, त्यांना यांनी मुलाला पहाटे उठवायचा सल्ला देऊन रिकाम्या हातानं परत पाठवलं. समोरचा दिवेवाला तेव्हापासून रस्त्यात भेटला की त्यांना वाकून नमस्कार करायचा.

आता मुलीकडे येऊ. तिनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील रविवारी दुपारी भेटायला यायचे होते. मुलाचे वडील वीजकेंद्रात मोठे अधिकारी. आयुष्य पाळ्या करण्यात आणि रोहित्रांच्या गुणगुणण्यात गेलेलं. माणूस अबोल, थोडा कडक, असं मुलीच्या कानावर होतं. तिनं वडिलांना समोर बसवलं आणि सांगितलं, "बाबा, त्या दिवशी उजेडाबद्दल बोलायचं नाही. अंधाराबद्दल नाही. विजेबद्दल तर मुळीच नाही."

"मग बोलू काय?"

"हवापाण्याबद्दल बोला."

उजेडरावांनी शब्द दिला. पण रविवारचा दिला होता. पाहुण्यांची पाळी बदलली आणि ते शनिवारी संध्याकाळीच निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी रीतसर मुलीला फोन केला. मुलगी कामावर होती. या या, मी घरी कळवते, असं म्हणून तिनं आईला फोन लावला, मग बाबांना, मग परत आईला. ते दोन्ही फोन पिठाच्या डब्यात होते. तिचा जीव टांगणीला लागला, पण हातातला रुग्ण अर्धवट वाकवून तिला निघता येईना.

इकडे घरात अंधार गुडूप. बायको मागच्या दारी वाळत घातलेले कपडे काढत होती. उजेडराव दिवाणखान्यात बसून स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकत होते. नळवाला आज येतो, उद्या येतो म्हणून झुलवत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. (घंटेला वीज नव्हती.) उजेडरावांनी दार उघडलं. दारात एक आडवा देह, हातात पेटीसारखं काहीतरी, आणि मागे एक बाई.

"आलात एकदाचे," उजेडराव म्हणाले. "किती वाट पाहायला लावायची माणसाला. मंडळींना आणलंत ते बरं केलंत, हाताखाली कोणीतरी लागतंच. या, असे सरळ आत या."

आता झालं होतं असं, की त्या अधिकाऱ्यांना त्यांच्या बायकोनंही वाटेत बजावलं होतं. आपण मुलाकडचे म्हणून ताठ बसू नका, ते म्हणतील त्याला हो म्हणा, चेहरा जरा हसरा ठेवा. अंधारात चेहऱ्याचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी नुसतं हो म्हणायचं ठरवलं. उजेडरावांनी त्यांच्या हातातली पेटी (फळांची होती) काढून जमिनीवर ठेवली, त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि मोरीच्या कट्ट्याखाली बसवलं.

"हात घाला आत. लागलं ओलं?"

"हो," आतून आवाज आला.

"मागच्या वेळी तुम्हीच काहीतरी करून ठेवलंत, तेव्हापासून गळतंय."

ते बिचारे या घरात जन्मात पहिल्यांदा येत होते. तरीही बायकोची आज्ञा आठवून त्यांनी पुन्हा हो म्हटलं. उजेडराव त्यांना कामचुकारपणावर चार शब्द सुनावणार, इतक्यात मागचं दार उघडून कपड्यांच्या ढिगासह बायको आत आली आणि अंधारात कोणावर तरी आदळली. "अहो, लागलं का तुम्हाला?" असं त्या परक्या बाईंनी मोठ्या मायेनं विचारलं. बायकोनं तो आवाज फोनवर ऐकलेला होता. तिच्या हातातले कपडे गळून पडले.

"अहो," ती म्हणाली, "ते व्याही आहेत."

कट्ट्याखाली डोकं आपटल्याचा आवाज झाला.

पुढची काही मिनिटं प्रत्येक जण प्रत्येकाची क्षमा मागत होता, पण कोण कुठे उभं आहे हे कळत नसल्यामुळे बऱ्याचशा क्षमा फ्रिजकडे गेल्या. बायकोनं दातओठ खाऊन सांगितलं, की आधी मेन स्विच लावा. उजेडराव धावले. तीस वर्षं विजेच्या सामानात गेली होती, डोळे मिटूनही हात बरोबर जागेवर गेला. त्यांनी दांडी जोरात वर ढकलली. रोज वर-खाली करून ती बिचारी आधीच खिळखिळी झाली होती. ती सरळ त्यांच्या हातात आली. अंधार तसाच राहिला. घरात ना टॉर्च, ना मेणबत्ती, आणि फोनचा डबा बायकोला सापडला तरी त्याचं झाकण कोणाला उघडेना, इतकं ते यांनी निष्ठेनं बसवलं होतं. पाहुण्यांचा एकमेव फोन त्यांच्या गाडीत राहिला होता, आणि ज्याची कोपरं ओली आहेत अशा माणसाला तो आणायला कसं सांगायचं.

बायकोनं पाहुण्यांना चाचपडत दिवाणखान्यात आणलं. व्याह्यांना आरामखुर्चीत बसवलं. विहीणबाईंना ती आपल्यासोबत चहाचं बघायला घेऊन गेली, म्हणजे खरं तर गयावया करायला. दिवाणखान्यात उजेडराव आणि व्याही, दोघंच उरले.

उजेडरावांनी हवापाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. हवा बरी आहे म्हणाले. पाण्याबद्दल बोलणं नळापाशी जाईल म्हणून टाळलं. मग विषय संपले. समोरून काही उत्तर नाही. त्यांना वाटलं, माणूस रागावलाय, आणि रागावणारच. आता आपण असे का वागलो ते तरी सांगायला हवं. म्हणून त्यांनी मेंदूतल्या घड्याळापासून सुरुवात केली. मग सकाळचं ऊन, संध्याकाळचे दिवे, भिंतीतल्या तारा. समोरची शांतता त्यांना आता वेगळी वाटू लागली. इतक्या लक्षपूर्वक त्यांचं आजवर कोणीच ऐकलं नव्हतं. बायको तर मध्येच वहीतली बेरीज चुकली म्हणून ओरडायची. उजेडरावांना स्फुरण चढलं. विजेनं माणसाचं वाटोळं केलं, वीजकेंद्रं म्हणजे झोपेची स्मशानं, इथपर्यंत मजल गेली. समोरून हुंकारासारखा एक आवाज आला. पटलं, असं ते समजले.

तेवढ्यात मुलगी पोहोचली. धापा टाकत आत शिरली, हातातल्या मोबाइलचा उजेड तिनं खोलीत फिरवला. तिला दिसलं ते असं: बाबा हातात मेन स्विचची दांडी धरून, उभे राहून भाषण करताहेत, आणि भावी सासरे आरामखुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपले आहेत. बाही कोपरापर्यंत ओली.

"बाबा," ती एवढंच म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

आतून दोघी बायका धावत आल्या. मुलगी पुढे होऊन सासऱ्यांना उठवणार, तोच विहीणबाईंनी तिचा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या नवऱ्याकडे पाहतच राहिल्या होत्या. पाळ्या करून करून या माणसाची झोप कधीच मेली होती, त्या कुजबुजल्या. गोळ्या झाल्या, काढे झाले, पण बसल्या जागी असा डोळा लागलेला त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिला नव्हता. "मोबाइल बंद कर बाई," त्या भावी सुनेला म्हणाल्या. "आणि तुम्ही बोलत राहा हो. थांबलात तर उठतील."

मग उजेडराव बोलत राहिले, आणि तिघी जणी मागच्या दारी पायरीवर बसून, तोंडावर पदर आणि ओढणी दाबून हसत राहिल्या. आपला नवरा नळाखाली बसून हो म्हणत होता हे विहीणबाईंना दर थोड्या वेळानं नव्यानं आठवायचं. लग्न तिथंच कुजबुजत ठरलं. बऱ्याच वेळानं व्याही जागे झाले, डोळे चोळले, इकडेतिकडे अंधारात पाहिलं आणि म्हणाले, "फार चांगलं घर आहे."

लग्न झालं. मुलगी सुखात आहे. मेन स्विच नवा बसला. डॉक्टरांनी आणि बायकोनं मिळून उजेडरावांना अशी तंबी दिली, की त्यांनी लहरींचा नाद सोडला, मोबाइल डब्याबाहेर आले. पण व्याही आता दर शनिवारी दिवेलागणीला येतात. आल्या आल्या आरामखुर्चीत बसतात आणि म्हणतात, हां, ते घड्याळाचं सांगा. चौथ्या वाक्याला त्यांचा डोळा लागतो. मग घरात कोणी दिवा लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही. उजेडरावांना पेपर वाचायचा असला तरी बायको खुणेनं गप्प बसवते. जावयाचे वडील झोपलेत ना, म्हणते.

परवा शाळा लवकर सुटली म्हणून ती भर दुपारी दुकानावर डबा घेऊन गेली. काउंटरवर डोकं टेकून उजेडराव घोरत होते. डोक्यावर तीन झुंबरं, दोन्ही बाजूंना टेबललॅम्प, पाठीमागे ट्यूबांची भिंत, सगळं लख्ख पेटलेलं. तिचं मन भरून आलं. बिचाऱ्याला किती दिवसांनी झोप लागली, म्हणून तिनं आवाज न करता एकेक बटण खाली केलं. शेवटचं झुंबर विझलं आणि उजेडराव दचकून उठून बसले.

"अगं, दिवे कशाला घालवलेस?" ते कळवळून म्हणाले. "चांगली झोप लागली होती."