शनिवारची कवटी

नागपूरकडच्या गोरेगावच्या विमा कचेरीत नवे मॅनेजर ओमेश्वर पटले रुजू झाले आणि काही दिवसांतच त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे शनिवारी कुणी साहेबासारखं यायचं नाही. हेड ऑफिसचा हुकूमच होता. जीन्स घाला, टी-शर्ट घाला, मनात येईल ते घाला, मोकळे व्हा, आणि मोकळे झाल्याचा फोटो दुपारपर्यंत हेड ऑफिसला गेला पाहिजे.

हेडक्लार्क शालिकराम शहारे यांना ऐकूनच घाम फुटला. नोकरीला लागल्यापासून त्यांना कुणी पांढऱ्या शर्टाशिवाय पाहिलं नव्हतं. त्यांचे वडील तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने सदरा कडक करत आणि मगच वस्तीबाहेर पाऊल टाकत. 'लोक आधी कापड पाहतात, मग माणूस' ही त्यांची शिकवण. लेकानं ती इतकी मनावर घेतली होती, की घरातला नळ दुरुस्त करायचा असला तरी शालिकराम आधी शर्ट खोचत.

"मनात येईल ते घाला म्हणता ना जी," ते पटलेंना म्हणाले. "माझ्या मनात पांढरा शर्टच येऊन राहिला."

"काका, सिर्फ फोटोपुरतं. सगळे मोकळे अन् तुम्ही एकटे असे कडक, तर हेड ऑफिसवाले विचारतील ना, हे कोण तपासणीले आले म्हणून."

एरवी शालिकरामांनी सरळ रजा टाकली असती. पण या आठवड्यात रजा टाकणं म्हणजे लेकीचं, रचनाचं, लग्न मोडणं. आमगावचे उदाराम रामटेके आपल्या राजदीपसाठी रविवारी तिला मागणी घालायला येणार होते. रचना आणि राजदीप एका कॉलेजात शिकलेले. त्यांचं कधीच जमलं होतं, आता फक्त बापांचं जमायचं राहिलं होतं. आणि मागणीच्या आधी मुलाकडच्या कुणीतरी मुलीच्या बापाच्या कचेरीत गुपचूप डोकावायचं, पानठेल्यावर उभं राहायचं, शिपायाला चहा पाजून 'माणूस पितो का, भांडतो का' हे काढून घ्यायचं, ही तिकडची रीत. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच माहीत असल्याचं दाखवत नाही. शालिकराम सोमवारपासून स्टार्च मारून तयार बसले होते. शुक्रवार संपला तरी कुणी फिरकलं नव्हतं.

"म्हणजे उद्याच येतीन," त्यांच्या पत्नी कुसुमबाई म्हणाल्या. "विवेकचे कपडे हायेत ना पेटीत. तेच घाला."

मुलगा विवेक नागपूरला होस्टेलवर होता. पेटीतून त्याची जीन्स निघाली. तिचे दोन्ही गुडघे फाटके होते म्हणून कुसुमबाईंनी जुन्या सफारीची ठिगळं लावून ती पोराच्या माघारी केव्हाच नीट केली होती. टी-शर्ट काळा होता आणि त्याच्या छातीवर दात विचकणारी भलीमोठी कवटी होती.

"आपल्या भिंतीवर पाहा," शालिकराम म्हणाले. "फोटोतसुद्धा कोट-टाय हाय. अन् मी कवटी घालू?"

"दुसऱ्या फोटोत भिक्खूचं चीवर हाय. त्यायचं काही अडलं का?" कुसुमबाई म्हणाल्या, आणि वाद संपला.

शनिवारी शालिकराम पांढऱ्या शर्टातच घरून निघाले. कवटी डब्याच्या पिशवीत होती. रेकॉर्डच्या खोलीत त्यांनी कपडे बदलले, शर्ट-पँट खिळ्याला टांगली आणि छातीवर फाइल धरून बाहेर आले.

शिपाई दुधरामची अडचण वेगळीच होती. त्याच्याकडे खाकी आणि लुंगी एवढे दोनच पोशाख. खाकी चालणार नाही असं साहेबांनी बजावलेलं, आणि लुंगीत फोटो काढायला तो लाजत होता. तेवढ्यात त्याला खिळ्यावरचे कपडे दिसले. फोटो झाला तेव्हा कवटी मागच्या रांगेत होती आणि पुढे परीटघडीचा दुधराम उभा होता.

कपडे परत मागायला शालिकराम वळले आणि दारात उदाराम. रचनाच्या मोबाइलवर त्यांचा फोटो पाहिलेला होता. शालिकराम पेन पडल्यासारखं करून टेबलाखाली शिरले. उदारामांनी कचेरीभर नजर फिरवली आणि त्यातल्या एकमेव साहेबापुढे हात जोडले.

"जयभीम. शहारे साहेब ना तुमी?"

टेबलाखालून शालिकराम हात जोडून खुणावत होते, की माझं नाव सांगू नको. दुधरामनं त्याचा अर्थ लावला, की आता तूच शहारे हो. शिवाय आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला साहेब म्हटलं होतं.

"जयभीम. बसा जी," तो ऐटीत म्हणाला आणि टेबलाखाली वाकला. "ए भाऊ, पाव्हण्याले पाणी आण."

शालिकरामांनी पाणी आणलं. दुसरं काय करणार. उदाराम घोटभर प्यायले, चार गोष्टी बोलले, आणि रीतीप्रमाणे त्या पाणीवाल्याला खुणेनं बाहेर पानठेल्यावर घेऊन गेले.

"शिपाई काय गा तू? खरं सांगजो. शहारे साहेब माणूस कसा हाय?"

"सोनं हाय जी," शालिकराम म्हणाले.

"पिते?"

"थेंब नाई."

"रागीट?"

"मुंगीवर पाय पडला तं माफी मागते."

उदारामांनी डोळे बारीक केले. "इतका चांगला माणूस कुठं असते का? तू कायले लपवून राहिला?"

स्थळ हातचं जातंय असं वाटून शालिकराम घाबरले. थोडी खोट काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"घोरते जी."

"मंग?"

"बायकोले भेते."

"ते तं मीबी भेतो. अजून?"

शालिकरामांनी मान खाली घातली. पुढचं मात्र त्यांच्या तोंडून खरंच निघून गेलं. "कपड्याचा लय नाद हाय त्याले. बाकीच्यायले गबाळे समजते."

उदारामांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, "असं हाय का," म्हणाले आणि पान न खाताच त्यांना निरोप दिला. शालिकराम कचेरीत परतले ते रचनाला काय सांगायचं याचा विचार करत. आपल्याच तोंडानं आपण लेकीचं वाटोळं केलं, या विचारानं त्यांना त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

रविवारी त्यांनी सगळ्यांत कडक शर्ट घातला. कुणी येईल याची खात्री नव्हती, पण सकाळीच दारात जीप थांबली. आधी राजदीप उतरला, आणि मग दोन्ही हातांनी टप धरत उदाराम. त्यांच्या मांड्यांवर जीन्स सालासारखी चिकटली होती, गुडघे फाटके होते, आणि छातीवर डरकाळी फोडणारा वाघ होता.

"बसा ना जी," शालिकराम कसेबसे म्हणाले.

"बसता येत नाई," उदाराम म्हणाले. "राजदीपची हाय."

मग शालिकरामही उभेच राहिले.

"तुमी गेल्यावर पानठेलेवाल्यानं सांगतलं," उदाराम म्हणाले, "का कवटीवालेच शहारे साहेब होत. म्हणलं, हेडक्लार्क माणूस या वयात असा राहते, वरून बाकीच्यायले गबाळे समजते, तं आपण चुरगळल्या सदऱ्यात जाऊन पोराचं कायले बिघडवावं? पण शिपाई काऊन म्हणवलं जी?"

"लाज वाटली," शालिकराम म्हणाले. "कालच्या कपड्याची."

"मले आजच्याची वाटून राहिली," उदाराम म्हणाले. "पण एक सांगतो. स्वतःची खोट स्वतःच्या तोंडानं सांगणारा सोयरा भेटत नाई. मी तं काल तिथंच हो म्हणलं होतं."

शालिकरामांचे डोळे भरून आले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. इथं व्याही वाघ घेऊन आला होता आणि त्याला मोकळं करणं भाग होतं. त्यांनी उदारामांना आतल्या खोलीत नेलं आणि कपाट उघडलं. आत एकसारखे पांढरे शर्ट टांगलेले होते. बऱ्याच वेळानं दोन्ही व्याही पांढरेशुभ्र होऊन बाहेर आले, मांडी घालून सतरंजीवर बसले आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला लागले.

कुसुमबाई पोहे द्यायचं सोडून आतल्या दारात थबकल्या होत्या. खाटेवर जावयाची जीन्स पडली होती. तिचे फाटके गुडघे त्यांनी मायेनं चाचपले आणि रचनाला हाक मारली, "पोरी, सुई-दोरा आण बरं."