पाच किलोंची रंगीत तालीम

पाच किलो म्हणजे पाच किलोच, असं मी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

त्याचं असं झालं. हिमालयाच्या पायथ्याशी एक सोपा ट्रेक निघणार होता. या गावातून त्या गावात, मधल्या जंगलातून रमतगमत जायचं आणि गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करायचा. माहितीपत्रकावर ‘नवशिक्यांसाठी’ असं ठळक छापलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत सूचना होती की, आधी महिनाभर पाठीवर साधारण पाच किलो ओझं घेऊन जिने चढण्याचा सराव करावा. दुसरा कोणी असता तर पिशवीत पाण्याच्या बाटल्या कोंबून मोकळा झाला असता. पण माझी उभी हयात वजन-मापे कार्यालयात कारकुनी करण्यात गेली. ‘साधारण’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो आणि त्याची अडगळीत पडलेली पितळी वजनं उसनी आणली. (त्यातलं एक किंचित हलकं निघालं. आपण उसनी मागायला आलोय हे विसरून मी त्याला चांगलं झापलं.)

बायकोने सरावाला हरकत घेतली नाही. तिची अट वेगळीच होती.

ती कळण्यासाठी जरा मागे जावं लागेल. आमचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही संध्याकाळी कालव्याच्या कडेने फिरायला जात असू. काय दिवस होते ते! खिशात दमडी नव्हती, पण बोलायला विषय कधी कमी पडला नाही. म्हणजे मला. मी बोलत बोलत तरातरा पुढे आणि ही एखादं झाड, एखादा पक्षी न्याहाळत मागे. एकदा मी आमच्या भावी संसाराचा सगळा बेत तपशीलवार मांडला, खोली कुठे घ्यायची, पडदे कोणत्या रंगाचे लावायचे, आणि “तुला काय वाटतं?” म्हणून बाजूला पाहिलं, तर तिथे सायकल हातात धरून चाललेला एक अनोळखी गृहस्थ! “निळे लावा,” तो म्हणाला. (लावले.)

त्याच कालव्यावर मी हिला म्हटलं होतं, एकदा आपण दोघं हिमालयात जाऊ. पुढे मुलगी झाली, घर झालं, मुलीचं लग्न झालं, माझी बढती तेवढी झाली नाही. हिमालय बिचारा आपल्या जागी थांबून राहिला.

“येईन मी,” बायको म्हणाली, “पण माझ्या शेजारी चालणार असाल तर. नाहीतर ताईबरोबर जाते. ती निदान मागे वळून तरी बघते.”

हे मला फार लागलं. इतकी वर्षं मनात जपलेला हिमालय मेहुणीने बघायचा आणि मी घरी बसून फोटो बघायचे? छे! काय वाटेल ते झालं तरी शेजारी चालायचंच, असा मी निश्चय केला.

रविवारी सकाळी तालीम सुरू झाली. मुलीचं शाळेतलं जुनं दप्तर मी पाठीला अडकवलं होतं आणि पाऊल टाकलं की आत वजनं खणखणत होती. बायकोने आपल्या पिशवीत जुने स्वेटर भरले होते. (बिनमापाचे!) आमचा जिना एका माणसाच्या बेताचा. त्यात मी हट्टाने तिच्या शेजारी, म्हणजे पोट कठड्याला घासत खेकड्यासारखा आडवा चढत होतो.

“अहो, जिन्यावर नका शेजारी येऊ. पडाल!”

“आता अट म्हणजे अट!”

वरच्या वळणावर फर्रर्र आवाज झाला. दप्तराने तळ सोडला होता. दोन किलोचं वजन थेट माझ्या अंगठ्यावर आलं आणि बाकीची मंडळी पायरीपायरीवर ठणाणा करत खाली निघाली. पटापट दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई हातात एक वजन घेऊन धावत वर आल्या. मी अंगठा धरून एका पायावर नाचत होतो.

“वहिनी, हे तुम्ही फेकून मारलंत?”

“नाही हो! हे हिमालयात जायचं म्हणतायत, म्हणून—”

“हिमालयात?” बाई मटकन पायरीवर बसल्या. “इतकं विकोपाला गेलं? अहो, भांडणं काय, सगळ्यांकडेच होतात. म्हणून कोणी संसार सोडतं का?”

“मीही जातेय त्यांच्याबरोबर,” बायको म्हणाली.

“दोघंही? मग घर कोणाच्या नावावर करताय?”

त्यांची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. (ती पटली असं मला अजून वाटत नाही. आताशा त्या माझ्याशी फार आदराने बोलतात.) त्या गेल्यावर आम्ही दोघं पायरीवर तशीच बसलो. बायको हसायला लागली, ती थांबेचना. तिला आमच्या पहिल्या खोलीचा जिना आठवला होता. तिथे आम्ही दोघांनीच लोखंडी कपाट वर चढवलं होतं. वळणावर ते अडकलं, ना वर जाईना ना खाली येईना, आणि मी कपाटाच्या वर, ही खाली, असे आम्ही दुपारभर पलीकडून एकमेकांशी गप्पा मारत बसलो होतो.

“तेवढ्या दिवशी तुम्हाला पुढे निघून जाता आलं नाही,” ती म्हणाली आणि पदराने माझा अंगठा पुसू लागली. माझे डोळे भरून आले. निम्मे अंगठ्यामुळे, पण निम्मे खरोखरचे.

पुढच्या आठवड्यात ट्रेकवाल्या बाईंनी सगळ्या नवशिक्यांना टेकडीवरच्या बागेत चालून दाखवायला बोलावलं. कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही, हे तिथे ठरणार होतं. अंगठा टम्म सुजलेला. मी लंगडत टेकडी चढलो, पण चढलो. वर पोचलो तेव्हा बाकीच्यांचा फराळसुद्धा उरकला होता.

बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी सुजलेला अंगठा दुसऱ्या पायामागे लपवला.

“काका, तुम्ही चला. अंगठा तोवर बरा होईल. तुम्ही सगळ्यांच्या पुढे चालायचं.”

मी ताठ झालो. “पाहिलंस?” मी बायकोला म्हटलं.

“सगळ्यात हळू चालणारा पुढे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे मागे कोणी राहत नाही.”

सगळे हसले. मग त्या बायकोला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या आणि आम्ही उतरायला लागलो. पुढे मी होतो आणि माझ्या अगदी शेजारी बायको. तिने माझ्या दंडात हात घातला होता. कालव्याच्या कडेलाही तिने कधी असा हात धरला नव्हता! उतार संपला, सपाट रस्ता आला, तरी तिने सोडला नाही. मी अंगठा विसरलो, गुडघे विसरलो.

“किती वर्षांनी गं!” मी हळूच म्हटलं. “काय मनात आलं एकदम?”

“बाईंनी सांगितलंय,” ती म्हणाली. “तुम्ही पडलात तर मागची सगळी रांग पडेल.”