कडेवाडीचा दोन हजारावा माणूस

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी बानूबाईला मुलगा झाला. तारीख एक मार्च १९८१, वार रविवार.

दुष्काळी भागातल्या वाशीजवळच्या कडेवाडीला हा मुलगा हवाच होता. जनगणनेत गाव एक हजार नऊशे नव्व्याण्णववर अडकलं होतं, आणि नळयोजना मिळणार होती दोन हजार वस्तीच्या गावाला. विहिरी माघातच आटल्या होत्या. बाया दीड कोसावरून पाणी आणत. म्हणून गेल्याच महिन्यात ‘दोन मुलं पुरेत’ असं भाषण ठोकलेले सरपंच नानासाहेब आज बानूबाईच्या चौथ्या बाळंतपणासाठी तिच्या दारात बसून होते.

एक मार्चच्या सूर्योदयापूर्वी जन्मलेलाच मोजायचा, असा नियम होता. शिरगणतीवर नेमलेल्या शांतलिंग गुरुजींनी पंचांग उघडलं. सूर्योदय पावणेसात.

“सात मिनिटं उशीर झाला. न्हाय धरता येत, सरपंच.”

“सात मिनिटांपायी गाव तहानेनं मारता व्हय, गुर्जी?”

“मी काय करू? सूर्य उगवला.”

“कुठं उगवला? दावा की!”

गुरुजींनी मान वर केली. पूर्वेला डोंगर होता, सूर्य नव्हता.

“पंचांगातला पुण्याचा असंल,” सुईण पार्वतम्मा तांब्याभर पाण्यात हात, विळा आणि परात धुणं उरकत म्हणाली. “आमचा निघायचाय अजून.”

“मग लेखी द्या,” गुरुजी म्हणाले.

सूर्य डोंगरावर आला तेव्हा पंचनामा झाला : ‘कडेवाडीत आज सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांनी झाला.’ सरपंचांनी सही केली, अठरा जणांनी अंगठे उठवले. गुरुजींनी दोन हजार आकडा लिहिला.

गूळ वाटणं चालू असतानाच धुळाप्पा धावत आला.

“आमचं आबा गेलं! शहाण्णव वर्साचं म्हातारं, च्या पिऊन आडवं झालं ते उठलंच न्हाय.”

“कवा?” नानासाहेबांनी विचारलं.

“रेडिवोवर सात-पाचच्या बातम्या लागल्या, तवा.”

गुरुजींनी पंचनामा पुन्हा वाचला. सूर्योदयापूर्वी गेलेला माणूस वजा करायचा असतो.

“मयताला तेवढं पंचांग लावा की, गुर्जी.”

“एका गावात दोन सूर्य न्हाय धरता येत.”

नानासाहेब धुळाप्पाकडे वळले. “नाडी कुणी बघितली?”

“कुणीच न्हाय.”

“मग बायांना म्हणावं, रडू नका. अजून ठरलेलं न्हाय.”

डॉक्टर आणायला सरपंचांची जीप वाशीला गेली. धुळाप्पाच्या घरच्या बाया तोंडात पदर कोंबून बसल्या आहेत, आणि दुपारचे बारा वाजले तरी जीप परतलेली नाही.