सरोजिनीबाईंसाठी सूर्य

"सूर्य येत नसेल ना, तर आपण सूर्याकडे जाऊ," शरच्चंद्रने भल्या पहाटे बडोद्याच्या तरसालीतल्या घरात जाहीर केलं आणि मोबाईल बायकोच्या नाकापुढे धरला. "हे बघ. बडोद्यावर ढग, अहमदाबादवर ढग, आणि मेहसाण्याच्या पुढे? लख्ख! दुपारच्या आत आई जेवलेली असेल. लिहून ठेव."

नयनाने काही लिहून ठेवलं नाही. गच्चीवर सोलर बसवला तेव्हा "आता जन्मभर गरम पाणी" असं सांगणारा हाच, आणि परवापासून बादलीत हिटर सोडून आंघोळ करणाराही हाच. पण या खेपेला थट्टेची वेळ नव्हती. आत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या पोटात तीन दिवस पाणी आणि तुळशीचं पान याखेरीज काही गेलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. शरच्चंद्र लहानपणी विषमज्वराने गेल्यातच जमा होता. तेव्हा त्याच्या आईने, सरोजिनीबाईंनी, बोलून ठेवलं की पोर वाचू दे, यापुढे सूर्यदर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. पोर वाचलं. त्याचं लग्न झालं, त्याला टक्कल पडलं, वाघोडियाच्या एका कारखान्यात तो मॅनेजर झाला, तरी बाईंचा नियम चालूच. रोज सकाळी बाल्कनीत उभं राहून हात जोडायचे, मग चहा. पावसाळ्यात कधी पार संध्याकाळी जेवायच्या, पण ढग फाटायचेच. या पौषात मात्र आभाळ असं घट्ट मिटलं की उघडायचं नाव घेईना.

समजूत घालून सगळे थकले. दुबईहून नलिनीने, म्हणजे लेकीने, व्हिडिओ कॉलवर सूर्य दाखवला. सरोजिनीबाई म्हणाल्या, "तो दुबईवाल्यांनी बघावा." शेजारचे कीर्तिभाई येऊन म्हणाले, "बा, खाई लो ने. भगवान थोडा जोवा आवे छे?" देव काय बघायला येतोय, असं. तर बाई म्हणाल्या, "येत नाही म्हणूनच तर जेवत नाही." शेवटी डॉक्टरांनी शरच्चंद्रला बाजूला घेतलं. आज पोटात काही गेलं नाही तर दाखल करा, नळीने घालू, या वयात फार ताणू नका. ते बाईंना बरोबर ऐकू गेलं.

"नळीने घातलं तरी नियम मोडलाच की," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा मला जाऊ दे. माझं काही राहिलेलं नाही."

म्हणून ही गाडी उत्तरेला निघाली. मागच्या सीटवर उशा, गोधडी आणि सरोजिनीबाई. नयनाच्या मांडीवर दूधभाताचा डबा आणि अर्घ्यासाठी तांब्या. अहमदाबाद धुक्यात कुठे आलं आणि कुठे गेलं ते कळलंच नाही. मेहसाण्याला थांबून शरच्चंद्र खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने वर बघितलं. जुन्या पत्र्यासारखं आभाळ. त्याने मोबाईल बघितला. मोबाईल आता म्हणत होता, पालनपूर.

"मोढेरा जवळच आहे," तो म्हणाला. "सूर्यमंदिर! सूर्याच्या घरी सूर्य भेटणार नाही असं होईल का?"

झालं. गाभारा रिकामा. रखवालदाराने सांगितलं, "मूर्ति नथी, साहेब. क्यारनीय नथी." म्हणजे केव्हापासूनच नाही.

"देवळात नाही, आभाळात नाही," सरोजिनीबाई गाडीतूनच म्हणाल्या. "पुढे चल."

पालनपूरच्या चहावाल्याने डीसाकडे बोट दाखवलं. डीसाचे बटाटेवाले स्वतःच कपाळाला हात लावून बसले होते. असंच ढगाळ राहिलं तर पिकावर रोग पडेल म्हणून. त्यांनी थरादकडे बोट दाखवलं. एव्हाना सरोजिनीबाई आडव्या झाल्या होत्या. डोळे मिटलेले, हात छातीवर, ओठात तुळशीचं पान. पुढच्या नाक्यावर टोलवाला पावती देता देता मागे डोकावला आणि त्याने टोपीच काढली.

"बा ऑफ थई गया?" त्याने हळूच विचारलं. "जाव साहेब, जाव. तमारा पैसा ना लेवाय."

"अरे, जिवंत आहे ती," शरच्चंद्र म्हणाला.

"सौने एवुंज लागे, साहेब," टोलवाल्याने, सगळ्यांना असंच वाटतं अशा अर्थी, मान हलवली आणि हात जोडले. तेवढ्यात सरोजिनीबाईंनी डोळे उघडून विचारलं, "निघाला का रे?" बिचारा खुर्चीसकट मागे गेला.

एरवी शरच्चंद्रने हा किस्सा कारखान्यात महिनाभर सांगितला असता. आता त्याला हसू आलं नाही. नयनाने मागे हात नेऊन सासूचा तळवा चाचपला.

"गार पडलाय," ती म्हणाली. "अहो, दवाखाना बघा. तुमचं ते ॲप बघता बघता त्या जातील."

"थोडंच राहिलंय."

"सकाळपासून थोडंच राहिलंय."

त्याने मोबाईल तिच्या पायाशी टाकून दिला. पहिल्यांदाच त्याला भीती वाटली. आपल्यासाठी बोललेल्या नवसापायी आई उपाशी मरणार, तीही गाडीत, आणि गाडी आपण चालवणार. उजेड गेला की आजचा दिवसही गेला. तो जिऱ्याच्या शेतांमधून नुसता गाडी हाणत राहिला.

थरादच्या अलीकडे ढग अचानक संपले. शेवटचा ढग मागे पडला आणि समोर, रस्त्याच्या बरोबर टोकाला, सूर्य. मावळतीचा, पण अख्खा. काचेतून असा अंगावर आला की शरच्चंद्रने डोळ्यांवर हात घेतला आणि गाडी कडेला घातली.

"आई, उठ! उठ लवकर."

दोघांनी धरून त्यांना बाहेर उभं केलं. नयनाने तांब्या पुढे केला. सरोजिनीबाईंनी तोंड वर केलं, हात जोडले आणि उभ्या राहिल्या. शरच्चंद्रला त्या उजेडाकडे बघवत नव्हतं. त्या पापणीही न हलवता सरळ बघत होत्या.

"ऊन लागतंय रे," त्या म्हणाल्या. "पण कुठाय तो?"

"समोर आहे, आई. नाकासमोर."

"असेल. मला दिसत नाही."

नयनाने तांब्या खाली घेतला. "आई, मी रोज सकाळी सांगते ना, आला बघा म्हणून? तुम्ही हात जोडता."

"तू सांगतेस म्हणूनच जोडते. गेल्या संक्रांतीपासून सगळं पांढरंच आहे. तुझ्या आवाजावर माझं दर्शन व्हायचं. परवापासून तू म्हणतेस, नाही आला."

"मला का नाही सांगितलंस?" शरच्चंद्रने विचारलं.

"दोनदा सांगायला आले. तू मोबाईलमध्ये होतास. म्हणालास, रविवारी बोलू."

कुठला रविवार ते त्याला आठवलं नाही. तसे बरेच रविवार होते. तो आईच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. दोन्ही बाहुल्यांवर साय धरली होती. एका घरात राहून त्याने ती बघितली नव्हती.

"आहे, आई," तो म्हणाला. "पूर्ण गोल आहे. तांबडा. मी बघतोय."

"मग झालं." त्यांनी नमस्कार केला, तांब्यातलं पाणी अंदाजाने सोडलं, त्यातलं निम्मं शरच्चंद्रच्या बुटांवर पडलं. "आण गं तो डबा."

नयनाने डबा उघडून शरच्चंद्रच्या हातात दिला. त्याने घास भरवला, सरोजिनीबाईंनी तो सावकाश चावून गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडण्याआधी म्हणाल्या, "एवढं पेट्रोल जाळलंस. परवाच घरात म्हणायचंस की, आई, आला. तू खोटं बोलतोयस हे मला दिसणार थोडंच होतं?"

 त्याने दुसरा घास केला, पण तो आईच्या तोंडाशी नेताना निम्मा भात खाली सांडला, आणि तोही तिला दिसला नाही.