सोळावा वनस्पतिप्रकार

"मोजे बाहेर झटकून या, किती वेळा सांगायचं?" कुसळं वेचता वेचता बायको करवादली. "साऱ्या देशाचं गवत माझ्याच घरात!"

एरवी सर्वेक्षक मान डोलावून आत सटकला असता. आज तो उंबऱ्यातच थिजला. मोजे तो झटकत असेच की! दर दौऱ्याच्या शेवटी, टेकडीवरच्या एकुलत्या झाडाखाली डबा खाताना. आणि पाहणीचा शेवटचा चौकोन नेमका त्याच झाडाखाली होता.

देशभर असे चौकोन आखलेले होते. त्यांत काय काय उगवतं याची दरवर्षी नोंद घ्यायची आणि त्यावरून देशातल्या वनस्पतींचे प्रकार ठरवायचे, हे त्याच्या कचेरीचं काम. प्रकार पंधरा होते. झाडाखालच्या या चौकोनात मात्र डोंगरमाथ्यावरचं गवत, वाळवंटातला गोखरू आणि नदीकाठची झुडपं गुण्यागोविंदाने नांदताना सापडली. संगणकाने हात टेकले. संचालकसाहेबांनी सोळावा प्रकार जाहीर करून टाकला. नकाशा छापायला जाण्याआधी खात्री करायला दुसऱ्या संस्थेतल्या तज्ज्ञ बाई उद्याच येणार होत्या.

सकाळी जीपमध्ये त्याने धीर केला. "साहेब, जरा मोज्यांबद्दल..."

"ओले असतील तर बदल. आज किरकिर नको!" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

चौकोनात बाई गुडघ्यांवर बसल्या. भिंग लावून एकेक बी न्याहाळू लागल्या.

"गंमतच आहे. इथल्या प्रत्येक बीला आकडा तरी आहे, नाहीतर काटा."

"निसर्गाची किमया!" साहेब घाईघाईने म्हणाले.

सर्वेक्षक पेचात पडला. बोललं तर नोकरी जाणार, न बोललं तर अख्ख्या देशाचा नकाशा खोटा. तेवढ्यात बाई सावलीतल्या दगडावर टेकल्या, बूट काढले आणि कुसळांनी भरलेला मोजा झटकायला हात उचलला.

"इथे नको!"

दोन आवाज एकदम निघाले. सर्वेक्षकाने चमकून मागे पाहिलं. साहेबांचा हात पुढे, कान लालबुंद.

"का हो?" मोजा हवेतच धरून बाईंनी विचारलं.

"मॅडम, मी... डबा खाताना... दरवर्षी..." सर्वेक्षकाने एकदाचं सांगून टाकलं.

साहेब मटकन खाली बसले. "तुझ्या जागी आधी मीच होतो रे," ते पुटपुटले. "सावली काय ती इथेच."

बाईंनी मोजा पुन्हा पायात चढवला, पेन काढलं आणि नकाशातल्या सोळाव्या प्रकारावर काट मारली. मग समोरच्या डोक्याएवढ्या वाढलेल्या झुडपाकडे बोट केलं.

"हे थोरलं कुणाचं?"

साहेबांनी मुकाट्याने हात वर केला.