खेमसिंगभाऊ गुलाबी कसे झाले

नवीन कॉम्प्युटर विकत घेणाऱ्या माणसांची मला कीव येते! डोकं नसलं की माणूस खिशात हात घालतो. माझ्यासारखा माणूस पेचकसाला हात घालतो. जुन्या मशीनमध्ये एक बरं ग्राफिक कार्ड टाकलं की मांजराचा वाघ होतो, हे आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या सगळ्या बाबूलोकांना माझं ऐकवून झालं होतं. त्यांना काय कळणार म्हणा! आमच्या हेडक्लार्कची समज अशी, की व्हायरस कॉम्प्युटरच्या पंख्यातून आत शिरतो.

माझा कॉम्प्युटर खास गेम खेळण्यासाठीचा. कापसाला भाव आला त्या साली शेठने बोनस दिला, तेव्हा नागपूरहून आणलेला. त्यानंतर शेठने 'बोनस' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. आणि या वर्षी तर गुलाबी बोंडअळीने वावरंच्या वावरं पोखरली. जिनिंगमध्ये कापूस कमी आणि बाबू जास्त! पगार अर्ध्यावर आला. नेमका त्याच वेळी मोटारींच्या शर्यतीचा नवा गेम निघाला. माझ्या मशीनवर त्यातली गाडी अशी चालायची, की उतरून धक्का मारावासा वाटे.

अडचण एकच. त्याच मशीनवर दिवसभर माझी बायको मंजुषा बॅनरची डिझाईनं करायची. वाढदिवस, निवड, निषेध, श्रद्धांजली. यवतमाळात माणूस जन्मला तरी बॅनर आणि गेला तरी बॅनर. आमचं घर सध्या त्या बॅनरवरच चालतं, असं किराणावाला म्हणायचा. मी म्हणत नसे.

"तुम्ही माझ्या मशीनला हात लावून राहिले काय?" मंजुषाने विचारलं.

"तुझ्याच भल्यासाठी! बॅनर फटाफट होतील."

"खर्च?"

"तुझ्या एका साडीएवढा."

"साडी माझी, काम माझं. यात तुमचं काय आहे?"

"डोकं!" मी म्हणालो.

आर्णी रोडवर फुलचंदचं भंगाराचं दुकान आहे. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचं सामान त्याने उचललं होतं. त्यातलं कार्ड एका गंजक्या कूलरखाली उताणं पडलं होतं.

"चालतं का?"

"चालते."

"गॅरंटी?"

"साहेब, इथं माणसाची गॅरंटी नाही राह्यली, अन् तुम्ही पत्र्याची मांगून राह्यले!"

मी निम्म्या किमतीत मागितलं. त्याने दिलं. लगेच दिलं! शहाण्या माणसाला तिथेच शंका आली असती. मला अभिमान वाटला.

घरी आल्यावर कळलं, की कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीपेक्षा लांब आहे. एखादा बावळट परत गेला असता. मी पेटीच्या आतला पत्रा करवतीने कापून काढला! कार्डाचा पंखा मोकळा फिरत होता, त्यावर चहाची गाळणी बांधली. मॉनिटरची वायर मात्र कार्डात जाईना. मी गुडघा टेकवून दाबली. आत कट्कन आवाज झाला.

"बसली!" मी म्हणालो.

मशीन सुरू झाली. जिनिंगमधल्या रेच्याच्या यंत्रात सरकी अडकल्यासारखी घरघरत होती, पण सुरू झाली! मी मंजुषाकडे असं पाहिलं, की तिने ओवाळायलाच पाहिजे होतं. तिने खेमसिंगभाऊंचा फोटो उघडला.

खेमसिंगभाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. निवडून कधी आले नाहीत, पण पडण्यात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. बोंडअळीच्या नुकसानभरपाईसाठी ते कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेणार होते आणि त्याचा बॅनर संध्याकाळपर्यंत छापायला जायचा होता.

"अहो, भाऊ निळे काहून दिसून राहिले?"

पाहिलं तर खरंच! भाऊ नखशिखांत निळे. पण चूक कबूल करायची सवय आमच्या खानदानात नाही.

"आजवर तुला जे दिसलं ते खोटे रंग होते," मी म्हणालो. "हे खरे! फोटोच फिका आहे. लाल वाढव."

"वाढवला."

"अजून वाढव! असलं कार्ड दणकून रंग मागतं."

"शेवटपर्यंत नेला. आता कुठे माणसासारखे दिसून राहिले."

"बघ!" मी म्हणालो.

फाइल देवीलालच्या प्रिंटिंगला गेली. पेनड्राइव्हमध्ये येईल ते छापायचं आणि त्याच्याकडे बघायचं नाही, हा देवीलालचा धर्म. त्याची पोरं बॅनर लावायलाही न बघताच गेली असणार. सकाळी मी दूध आणायला दत्त चौकात गेलो, तर ही गर्दी!

वर पंधरा फुटी बॅनर. त्यावर 'गुलाबी बोंडअळीचा नायनाट झालाच पाहिजे!' आणि खाली हात जोडून उभे खेमसिंगभाऊ. गुलाबी! साधे गुलाबी नाही, बुढ्ढी के बाल विकतात तसले गुलाबी! कान गुलाबी, दात गुलाबी, डोळ्यांचे पांढरे भाग गुलाबी. वायर दाबताना लाल रंगाचीच पिन वाकून अर्धवट टेकली होती, म्हणून स्क्रीनवर लाल जेमतेम दिसत होता आणि छापताना मात्र सगळा उतरला होता. हे मला तिथे, दुधाची रिकामी किटली हातात धरून, एका क्षणात कळलं. असं ज्ञान नेहमी चौकातच होतं.

"सापडली रे बोंडअळी!" एकजण ओरडला. "कृषी खात्याले सांगा!"

"एवढी मोठी? मंग आपली कापसाची पऱ्हाटी काहून वाचंन?"

विरोधी पार्टीच्या कोणीतरी तर अळीचे पतंग पकडायचा कामगंध सापळा बॅनरच्या बांबूला लटकवला होता!

मी दूध न घेता घरी पळालो. पण माझ्याआधीच भाऊंची जीप दारात उभी. भाऊ खुर्चीत, त्यांचा उजवा हात पूनमसिंग दारात, आणि मंजुषा भिंतीला टेकून. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. कोणताच!

"वैनी, भाऊले काय करून ठेवलं तुम्ही?" पूनमसिंग गरजला. "वार्डातली एक बाई मले फोनवर इचारून राह्यली, भाऊले कावीळ झाली का म्हणून! अवो, काविळीचा रंग तरी असा असते का?"

"डिझाईन... डिझाईन सगळं हिचं असतं," मी म्हणालो. नवऱ्याने बायकोच्या कामाचं श्रेय लाटू नये, या मताचा मी आहे.

मंजुषाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही. "यापुढं तुमचं एकही काम मी घेणार नाही भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "माणसं मला कशाला विचारतील आता!" आणि तिचे डोळे भरले. तेव्हा मात्र मला वायरचं सगळं खरं खरं बोलावंसं वाटलं. पण पूनमसिंगचे दंड बघून मी विचार पुढे ढकलला.

तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. राळेगावचा होता. मग घाटंजीचा. मग तीन-चार एकदम. भाऊ फक्त "हाव, हाव" करत होते. फोन ठेवून ते उभे राहिले, तेव्हा त्यांचा खरा चेहराही गुलाबी व्हायला लागला होता.

"पूनमसिंग! लोक म्हणून राह्यले, भाऊनं आपल्यासाठी सोताचं तोंड रंगवून घेतलं! गाड्या भरून येऊन राह्यले! मांगच्या मोर्च्यात आपल्यापक्षा पोलीस जास्त होते, आठवते ना?" मग ते मंजुषाकडे वळले. "वैनी, अशेच आणखी बॅनर लावा. अन् हे डोकं कोणाचं?"

मी पुढे झालो! दोन पावलांत खोलीच्या मधोमध!

"माझं, भाऊ! रंगाची सगळी तांत्रिक बाजू माझी. हिला तर भाऊ निळेच ठेवायचे होते!"

"खरं काय वैनी?"

मंजुषाने डोळे पुसले आणि गोड हसली. "हो भाऊ, सगळं यांचंच. मोर्च्यासाठी तर हे काहीही करतील."

"वा!" भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मंग मोर्च्याच्या म्होरं अळी पायजे ना एक! तुमच्यापक्षा लायक माणूस कुठून आणू?"

गुलाबी सॅटिनचं कापड मंजुषानेच आणलं, मंजुषानेच शिवलं. इतक्या आवडीने तिने माझ्यासाठी कधी स्वेटरही विणला नव्हता. आत कापसाची गादी फोडून भरली, वर दोन मिशा लावल्या, अगदी माझ्यासारख्या. अळीला मिशा नसतात, मी ओरडून सांगितलं. "या जातीला असतात," ती म्हणाली.

मोर्च्याच्या दिवशी दत्त चौक ते कलेक्टर कचेरी मी सरपटत, लोळत, लाथा खात गेलो. लोक मनापासून मारत होते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? एका म्हातारीने तर वहाण काढली आणि "माह्या चार एकरांची राख केली तुनं!" म्हणत ती अशी रडली, की मी आतून तिला "चुकलो माय" म्हणालो. कचेरीपाशी आमचे शेठ गाडीला टेकून उभे होते. त्यांनी मिशांवरूनच मला ओळखलं असावं, कारण त्यांनी मान हलवून गाडीची काच वर केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोर्च्याचा मोठा फोटो आला. खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं होती. खेमसिंगभाऊंचं, पूनमसिंगचं, निवेदन घेणाऱ्या साहेबांचं, अगदी बॅनरकार म्हणून सौ. मंजुषाचंही! मी चष्मा पुसून माझं नाव शोधलं. शेवटी कंसात एक शब्द सापडला.

'(अळी.)'